आप्पांच्या मेंढीचं पान

आप्पांनी अख्ख्या इंटरनेटला मटण-भाकरीचं आवतान दिलं होतं.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

आप्पा म्हणजे वडगाव रासाईतले आमचे शेजारी. लहानपण मेंढरामागं गेलं, पुढं घरचा ऊस आला.

शाळेतल्या पोरांना प्राण्यांवर प्रोजेक्ट होता. आप्पा वैतागले, "अक्का, पोरांना कांगारू पाठ हाय, आन् दख्खनी मेंढी म्हंजी काय ते ठावं न्हाई!"

मग मोबाइलवर बोलून बोलून त्यांनी मेंढीचं पान लिहिलं. ज्या ज्ञानकोशात कुणीही भर घालू शकतं ना, त्यात.

लगेच सूचना आली. संदर्भ द्या, नाहीतर पान काढू.

"आता मेंढरानं सही करून द्यायची का?"

रागारागात टाकलं : संदर्भ – मी स्वतः.

मी म्हटलं, "आप्पा, असं चाललं तर उद्या कुणीबी उठून कायबी लिहील."

आप्पा म्हणाले, "व्हय, ते बी खरंच."

लेखाला जोडून चर्चेचं पान असतं, त्या चर्चा पानावर त्यांनी सरळ विचारलं, "माझ्याकडं पुस्तक न्हाई. कुणाकडं हाय का?"

आणि काय सांगू! कुणी पुस्तकातला संदर्भ जोडला, कुणी रोगांची नावं नीट केली, कुणी फोटो टाकला. एकानं आप्पांची बढाई तेवढी कापली. ओळख ना पाळख, पण सगळ्यांनी मिळून पान वाचवलं.

"अक्का, ही तर इर्जिक झाली की!"

इर्जिक म्हणजे शेत एकाचं, नांगर सगळ्यांचे. मजुरी नाही, पण जेवण मालकाकडं.

म्हणून ते आवतान. तिथंच, चर्चा पानावर.

उत्तर आलं, "हे पान फक्त लेखाच्या चर्चेसाठी आहे."

आप्पा म्हणाले, "बरं. जेवताना लेखाचीच चर्चा करू."

दोघं आले की खरोखर! पुण्याहून बसनं तळेगाव ढमढेरेला, पुढं जीपनं. ताटावरच वाद घालत बसले तिघं.

परवा मी शाळेत गेले होते. सातवीच्या पोरी तेच पान उघडून बसलेल्या.

आप्पांनी लिहिलेलं, ही मेंढी फक्त आपल्याकडंच असते. सगळ्यांच्या नजरेतून सुटलेलं. पोरींना पुस्तकात सापडलं, कर्नाटक-तेलंगणातही असते म्हणून.

एक हळूच म्हणाली, "आजी, आप्पांचं वाक्य हाय. खोडू का?"

म्हटलं, "पुस्तक हाय ना हातात? मग खोड की."

आप्पा, खोडलं बरं का. खाली संदर्भसुद्धा दिलाय.

सुखात राहा. अक्काचा नमस्कार.