रॉकेलच्या वासाच्या तिसऱ्या

आजही बाजारात तिसऱ्या घेताना मी आधी एक शिंपली नाकाशी नेते. कोळीण वैतागते, "ताई, फुलं आहेत का ती हुंगायला?"

ऐंशीच्या दशकात आम्ही भांडुपला राहायचो. ओहोटी लागली की आई आणि मी खाडीच्या चिखलातून तिसऱ्या काढून आणायचो. एकदा कालवणाला रॉकेलचा वास आला. घरात स्टोव्ह मीच भरायचे, त्यामुळे आई माझ्यावरच उखडली. "रॉकेलच्या हाताने धुतल्यास ना तिसऱ्या?" मी रडून नाही म्हटलं, तरी तिने टोप माझ्याकडून तीनदा राखेने घासून घेतला.

पुढच्या ओहोटीला आईने नेहमीच्या जागी चिखलात हात खुपसला. बाहेर आला तो काळा, तेलकट. मूठभर शिंपल्या होत्या, पण सगळ्या मेलेल्या, उघड्या, आत नुसता चिखल. तिने हात हुंगला, माझ्याकडे बघितलं आणि रिकामी टोपली उचलून म्हणाली, "चल."

त्यानंतर आम्ही खाडीवर कधीच गेलो नाही. काठावरच्या कारखान्यातून खाडीत तेल सोडलं जात होतं, पण त्या कारखानदाराला कुणी एका शब्दाने विचारलं नाही. टोप मात्र मी घासला होता, तीनदा.