अंगातली भरती

दिघीच्या खाडीचं पाणी गढूळ. तळाशी गेलं की स्वतःची बोटंसुद्धा दिसत नाहीत, ऐकू येतो तो फक्त आपला श्वास. पाठीवर हवेची टाकी बांधून बंदराच्या साखळ्या तपासणं हा माझा धंदा. पण खरं सांगू? खाली मला गोड गुंगीच येते. वर कुणी आपली वाट बघतंय, हेही विसरायला होतं.

त्या दुपारी बोटींना वाट दाखवणाऱ्या एका तरंगत्या बोयाची साखळी तुटली. बोया फेरीबोटीच्या वाटेवर वाहत निघाला आणि माझा जोडीदार तापाने फणफणलेला. मी तीनदा तळाला जाऊन आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईहून गोव्याला विमान होतं. लेक हवाई सुंदरी झाली होती, तिची ती पहिलीच फेरी. आम्हा नवरा-बायकोची तिकिटं तिने हौसेने काढलेली, खिडकी माझी.

नियम मला पाठ होता. खोल पाण्यात घेतलेल्या श्वासातला नायट्रोजन अंगात मुरतो, निघतो मात्र सावकाश. लगेच विमानात बसलं तर वरच्या कमी दाबात त्याचे बुडबुडे होतात, सोड्याची बाटली फटकन उघडल्यासारखे. माणूस लुळा पडू शकतो. निदान एक अख्खा दिवस जमिनीवर राहायचं, घाटसुद्धा चढायचा नाही.

तरी घरी येऊन मी हट्टाने बॅग भरायला घेतली. "काही होत नाही मला!"

बायकोने बॅग ओढून घेतली. "नव्या पोरांना नियम शिकिवता ना? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण... कोरडे पन न्हाय, ओले पाषाण! अंगातली भरती उतरू द्या आधी. पोरीकडं मी जाते."

"तू? घाटात एसटी वळली तरी डोळे मिटतेस."

"तिथंबी मिटीन. पोरीला घरचं मानूस दिसलं म्हंजे झालं."

ती एकटी गेली. मला स्वतःचा भयंकर राग आला होता.

सकाळी ओहोटीच्या ओल्या वाळूवर उताणा पडलो. पाणी हळूहळू मागे सरत होतं आणि माझ्यातूनही काहीतरी तसंच सरतंय असं वाटत होतं. डोळा लागला की नाही, कुणास ठाऊक. वर आभाळ होतं की खाडी, तेही कळेना. मग तांदळाच्या दाण्याएवढं विमान दक्षिणेकडे निघालेलं दिसलं. तेच असेल कशावरून? तरी मी उठून दोन्ही हात हलवले. खेकडे बिळात पळाले.

दुपारी बायकोचा फोन आला. आवाज पोरीसारखा झालेला.

"डोळे मिटलेच न्हाय मी! तुमच्या खिडकीत बसले. पोरगी येऊन सांगून गेली, आई, खाली आपली दिघी हाय बघ. मी हात केला वो तुम्हाला. दिसला का?"



"दिसला की," मी म्हटलं.