'उतानी' नाही, 'उताणी'

नवऱ्याला हे ठाऊक नाही. विभागातल्या कुणाला नाही. एकदा बहिणीला सांगायला बसले होते, पण चहा संपला आणि विषय राहून गेला — म्हणजे मीच राहू दिला. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जातंय. सोपं आहे म्हणूनच सांगतेय, हेही आधीच कबूल करते.

मी वसईतल्या एका कॉलेजात भूशास्त्र शिकवते. एकवीस वर्षं झाली. राहते बोळिंजला, मूळची साताऱ्याकडची. आमच्याकडे सगळा काळा दगड, लाव्हाचा. गाळाचे खडक — वाळू, चिखल, शिंपल्या थरावर थर साचून झालेले — मी पदवीला पेटीतल्या नमुन्यांवर शिकले. अंगठ्याएवढे तुकडे, त्यांवर पांढऱ्या रंगात नंबर. थरांचा पहिला नियम तेव्हाच पाठ झाला: खालचा जुना, वरचा नवा. सोपा आहे ना? पण त्याला एक अट आहे. थर कुणी उलटवलेले नसावेत. ती अट मी परीक्षेत लिहिली होती आणि पूर्ण गुण घेतले होते.

नोकरी लागल्यावर इथला किनारा पायी फिरले. निर्मळच्या पुढे, समुद्राकाठच्या एका वाडीच्या कडेला मला हवी तशी जागा मिळाली. शिंपल्या-वाळूचा घट्ट झालेला दगड, कमरेएवढा उंच, तीन थर स्वच्छ दिसणारे. पूर्वी इथल्या विहिरी आणि घरं ह्याच दगडाची बांधत. मी मापं घेतली, चित्र काढलं, थरांना अ, ब, क नावं दिली, टिपणांच्या झेरॉक्स केल्या. दर हिवाळ्यात एस.वाय.ची बॅच तिथे न्यायची, मुलांनी जर्नलमध्ये तीन थर रंगवायचे, मी सही करायची. अशी पाच वर्षं.

सहाव्या वर्षी सिसिली आली. पाचूबंदरच्या कोळ्यांची मुलगी, घरातून कॉलेजला आलेली पहिलीच. टी.वाय.ला एकच विषय ठेवायचा असतो. ती भूशास्त्रच ठेवणार हे तिने जूनपासून सगळ्यांना सांगून टाकलं होतं — मला, वर्गाला, लॅबच्या शिपायालाही. हुशार होती का? हुशारीचं जाऊ द्या. ती बघायची. बाकीचे बावीस जण माझ्या टिपणातलं चित्र उतरवून घेत होते आणि ही दगडाशी उकिडवी बसून नुसती बघत होती.

मग म्हणाली, "मॅडम, हे उलटं हाय."

"काय उलटं?"

"दगडच. लाटेनं टाकलेली शिंपली उपडी पडते. उतानी पडली तर पुढची लाट येऊन तिला पालथी करते. कुठल्याबी किनाऱ्यावर बघा. इथं सगळ्या उतान्या हायेत."

मी वाकून पाहिलं. इथे मला नेमकं बोलायचंय. तिचं बरोबर आहे हे मला त्या क्षणी कळलं नव्हतं. तिचं बरोबर असू शकेल, एवढं कळलं होतं. बावीस पेन्सिली थांबल्या होत्या.

"आधी 'उताणी' म्हण," मी म्हणाले. "'न' नाही, 'ण'. मग मला खडक शिकव."

वर्ग हसला. मागून कुणीतरी ओरडलं, "मॅडम, पानी देऊ का?" पुन्हा हसला. सिसिलीही थोडं हसली आणि वहीत बघायला लागली. परतताना बसमध्ये मुलं 'उतानी, उतानी' करत होती. मी पुढच्या सीटवर होते. मला ऐकू येत होतं.

हे वाईटच. पण एवढंच असतं तर मी लिहायला बसले असते का? शिक्षकांची जीभ घसरते. पुढचं माझ्या जिभेनं केलेलं नाही.

रविवारी मी भिंग घेऊन एकटी तिथे गेले. दोन तास बसले. तिन्ही थरांत दहातल्या नऊ शिंपल्या वाटीसारख्या, तोंड वर करून. वाडीचे मालक आले, वयस्कर गृहस्थ. काय शोधताय, म्हणाले. मी म्हटलं, थर बघतेय. त्यांना हसू आवरेना. "थर कसले, बाई? आमच्या बापानं घातलेला बांध तो! विहिरीसाठी दगड काढले, त्यातले मोडके इथे रचले. सपाट बूड वर करून — चालायला बरं."

सांध्यांत वाळू बसली, वर्षानुवर्षांत तीही घट्ट झाली, आणि मी साताऱ्याहून येऊन तिला अ, ब, क म्हणाले. एका माणसाचा बांध माझ्या पाच बॅचेसनी रंगवला होता.

सोमवारी सिसिलीचं जर्नल माझ्या टेबलावर होतं. तिने शिंपल्या एकेक करून काढल्या होत्या, सगळ्या तोंड वर केलेल्या. खाली एक ओळ: हे दगड कुणीतरी उलटे ठेवले असावेत. ते खरं होतं. मला कालपासून माहीत होतं, अगदी कुणी ठेवले इथपर्यंत. मी लाल पेन घेतलं आणि लिहिलं — निरीक्षण चुकीचे. पान पुन्हा काढा.

दोन दिवसांनी नवं पान आलं. अ, ब, क. रंग कुठे रेषेबाहेर गेला नव्हता. जुनं पान फाडल्याची कड शिवणीत राहिली होती. मी सही केली.

जूनमध्ये तिने केमिस्ट्री घेतली. सांगायला आली होती. "दगडांतलं मला नाही जमत, मॅडम." मी म्हणाले, विचार कर. ती म्हणाली, केला. मी हजेरीपटाकडे वळले.

संपलं? नाही. ज्यासाठी एवढे फेरे घेतेय ते अजून आलेलंच नाही.

पुढच्या वर्षी मी जागा बदलली. विभागात सांगितलं, तिथे भरती-ओहोटीच्या वेळा जमत नाहीत. मुलांना ओहोटीच्या वेळी मोकळ्या किनाऱ्यावर नेलं, वाळूत बसवलं आणि म्हटलं, शिंपल्या बघा. लाटेनं टाकलेली उपडी पडते. खडकात बहुतेक उताण्या दिसल्या, तर समजा, थर उलटलाय. मुलांना फार आवडलं. उपकरण नको, पुस्तक नको. दरवर्षी तेच करते. माझा सगळ्यात चांगला तास म्हणून तो ओळखला जातो. शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात करून दाखवला तेव्हा टाळ्या पडल्या. एकीने विचारलं, "मॅडम, हे तुम्हाला सुचलं कसं?"

"किनाऱ्यावर राहिलं की सुचतं," मी म्हणाले.

बोळिंजला माझ्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचे संडासाचे पाइप दिसतात. तरी ते वाक्य मी पुढे अनेकदा वापरलं. तासात 'उताणी'चा उच्चारही स्वच्छ. प्रत्येक वेळी 'ण'.

गेल्या महिन्यात वसई स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत कुणीतरी मागून "मॅडम!" म्हणालं. सिसिली. औषधांच्या कंपनीत लॅबमध्ये असते, चांगलं चाललंय. माझा हात दोन्ही हातांत धरून बोलत होती.

"भाची येतेय पुढच्या वर्षी तुमच्याकडे. दगड गोळा करते सारखी, येडी. तिला मी माझी गोष्ट सांगितलीये. आठवतं का, मॅडम? मी केवढा आगाऊपणा केला होता! तुमच्याच थरांना उलटं म्हणाले. तिला बजावलंय — मॅडम सांगतील ते गप लिहून घे, मध्ये बोलायचं नाही."

रांगेत माझ्यापुढे चार माणसं होती. 'तुझं बरोबर होतं' म्हणायला किती वेळ लागतो?

"चालायचंच," मी म्हणाले. "वय असतं ते."

तिला बरं वाटलं, चेहऱ्यावर दिसलं. भाचीच्या ॲडमिशनसाठी लागेल म्हणून तिने माझ्या फोनमध्ये स्वतःचा नंबर घालून दिला, नावासकट. माझी रिक्षा आली, मी बसले.

नंबर आहे. मी फोन केलेला नाही.