पाणी मारलेली भिंत

भिंत पडली तेव्हा माझी धाकटी जाऊ आत होती. आवाज फार मोठा झाला नाही. ट्रकमधून भाताचं पोतं खाली टाकलं की होतो तेवढाच. मी अंगणात उतरवलेली कौलं घासत बसले होते. मागे वळून पाहिलं तर पश्चिमेची भिंत जागेवर नव्हती आणि दारातून ओल्या मातीचा वास येत होता. छप्पर उभं होतं, कारण ते लाकडी खांबांवर होतं.

मी हाक मारली, "कुठं हायस गो?" उत्तर आलं नाही. परत मारली. तरी नाही. गवंडी मागे संडासाच्या विटा रचत होता. तो थापी हातात घेऊनच धावत आला आणि दारात उभा राहिला. आत स्वयंपाकघराच्या जागी मातीचा ढीग होता.

हे घर पोलादपुरात, एस.टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत. मूळ मालक मुंबईला स्थायिक झाले होते, त्यांना ते नको होतं. आम्ही दोघी जावांनी मिळून घेतलं. दोघींचे नवरे गेलेले. आधी महाडात दोन घरं घेऊन झाली होती. महाडात घर बघायला येणारा माणूस आधी भिंतीवर पुराची खूण शोधतो. पाणी कुठवर चढलं होतं ते बघतो आणि निघून जातो. आम्ही दोघी अशा घरांतला गाळ काढायला मजुरीवर जायचो. एका मालकाला परत यायचंच नव्हतं, त्याने घर घेता का म्हणून आम्हालाच विचारलं. ते घर आम्ही धुतलं, विजेची बटणं डोक्याच्या वर बसवली, चुना मारला आणि भाड्याने दिलं. मग दुसरं. असा हा धंदा सुरू झाला, आम्ही काही ठरवून त्यात शिरलो नाही.

आम्ही बौद्धवाडीतल्या. तरुणपणी महाडात खोली मागायला गेलो की आधी आडनाव विचारायचे, मग खोली कालच दिली म्हणायचे. आता खोल्या आमच्या आहेत. मी आडनाव विचारत नाही. नोकरी कुठे आणि रात्री दारू पिऊन येणार का, एवढंच विचारते.

पोलादपूरचं घर दवाखान्यातल्या नर्सांना द्यायचं ठरलं होतं. भिंती मातीच्या, हातभर रुंद, चांगल्या होत्या. पण जावेचा मुलगा मुंबईहून आला आणि त्याने नाक मुरडलं.

"काकी, मातीची भिंत बघून एक नर्स आत पाय ठेवणार नाय. प्लास्टर मार, पुट्टी मार, कलर मार. लूक पाहिजे."

जाऊ त्याला म्हणाली, "तुझा बाप असल्याच भिंतीत जन्मला."

"म्हणून तर पळाला ना मुंबईला."

ती हसली आणि कबूल झाली. मीही झाले. गवंडी घाटावरचा होता, विटा आणि सिमेंटचं काम करणारा. त्याने चारही भिंतींना जाळी ठोकली, वर सिमेंटचं प्लास्टर केलं आणि जाताना जावेला सांगितलं, "मावशी, सकाळ-संध्याकाळ पाणी मारा. पाणी कमी पडलं आणि तडे गेले तर मला बोलायचं नाही."

माझी जाऊ कामाला कधी कमी पडली नाही. मी महाडला होते, ती त्या घरातच राहत होती. शेजाऱ्यांच्या नळाला पाइप लावून ती भिंतीला पाणी मारायची. प्लास्टर वरपर्यंत पोचलं नव्हतं. छपराखाली, वाशांच्या जागी, माती उघडीच होती. ती स्टुलावर चढायची आणि पाइप तिथे वर सोडून द्यायची, म्हणजे पाणी आपोआप सगळ्या भिंतीवरून उतरेल. ते उतरलं नाही, आत गेलं. सिमेंटमुळे बाहेर यायला वाट नव्हती.

आम्ही दोघी मातीच्या घरात वाढलो. पावसाळा तोंडावर आला की पश्चिमेच्या भिंतीला पेंढ्याचा आडोसा बांधायचो, शिंतोडाही लागू द्यायचो नाही. पोर भिंतीपाशी मुतलं तरी मार खायचं. हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं. पण प्लास्टर झालं आणि तिच्या लेखी ती मातीची भिंत राहिली नाही. सिमेंटची झाली. सिमेंटला पाणी लागतंच.

त्या दिवशी मी सकाळच्या गाडीने आले. अंगणातून बघितलं तर भिंत मध्यावर आत दबलेली दिसली. मी आत जाऊन बघितलं.

"भिंतीला पोट आलंय."

"तुझ्यावर गेली असेल," जाऊ म्हणाली.

"आत थांबू नको. गवंड्याला दाखवू आधी."

"भात उतरवते आणि येते."

मी बाहेर येऊन कौलांपाशी बसले. ती आली नाही, भिंत आली.

ढिगाऱ्यातून आवाज यायला जरा वेळ गेला. आधी खोकला. मग बारीक आवाजात, "बाय, गॅस बंद कर."

सिलिंडर बाहेरच्या पडवीत होता. मी जाऊन बंद केला आणि परत आले.

"केला. लागलं कुठं?"

"पाय अडकलाय. अंधार हाय. वर कोण चढू नका, माती तोंडात येते."

स्वयंपाकघर आणि माजघर यांच्यामध्ये कूड होता, म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या बांधून वरून शेणामातीने लिंपलेली पातळ भिंत. भिंत आत कोसळली ती या कुडावर. कूड मोडला नाही, वाकला आणि दगडी ओट्यावर टेकला. त्याच्याखाली जी खोप झाली तिच्यात जाऊ होती. गवंड्याने पहार आणली. मी ती त्याच्या हातातून घेतली.

"कुडाला धक्का लागला तर सगळं तिच्यावर येईल."

"मग काढायचं कसं, आजी?"

"हाताने."

शेजारचा माणूस बांबू घेऊन आला. त्याने आणि गवंड्याने वाशांना टेकू दिले. मग मी, गवंडी आणि शेजारच्या दोन बाया, आम्ही कडेने माती काढायला लागलो. माती ओली होती म्हणून हाताने निघत होती. मोठं ढेकूळ आलं की घमेल्यात घालून बाहेर. गाळ काढायची सवय हाताला होतीच. गवंडी मध्येच म्हणाला, "मी पाणी मारा म्हणालो होतो, पाइप सोडा म्हणालो नव्हतो."

आतून आवाज आला, "मग तसं सांगायचं होतं, मेल्या."

त्यानंतर ती बोलेना. मी विचारत राहिले, ती उत्तर देईना. एक बाई रडायला लागली. तिला मी म्हटलं, रडायचं तर बाजूला बस, जागा अडवू नको. ती गप्प झाली आणि घमेलं उचलू लागली.

आधी हात दिसला. बांगडी फुटलेली होती, बोटं हलत नव्हती. मी धरला तर गरम होता. एवढ्यावरून काही सांगता येत नाही. खांद्यापर्यंत मोकळं केलं, तोंडावरची माती पुसली, ओठांत बोट घालून चिखल काढला. तेव्हा ती मला चावली.

गवंड्याने आणि शेजाऱ्याने तिला चादरीवर घेऊन टेंपोत ठेवलं. महाडला नेलं. पाय दोन ठिकाणी मोडला होता. संध्याकाळी मुलगा आला आणि कॉटपाशी उभा राहून घर विकून टाकू म्हणाला. ती म्हणाली, "पडकं घर कोण घेतोय? आधी भिंत बांधा." पावसाळ्यानंतर आम्ही ती विटांची बांधली. उरलेल्या तीन भिंतींवरचं प्लास्टर मी खरवडून काढायला लावलं. नर्सा आल्या, त्यांनी भिंती बघितल्या, पंखा आहे का विचारलं आणि राहिल्या.

पोलादपुरात अजून कुणी कुणी विचारतं, त्या घरात कोण बाई मेली. कोणी मेलं नाही. भिंतीखाली माझी जाऊ एकटी होती आणि ती जगली.