फोरमनचा कान

फोरमन मोटारसायकलीपुढं उकिडवे बसले की गल्लीत नव्यानं आलेल्या माणसाला वाटायचं, हे काहीतरी नवस फेडताहेत. डोळे मिटलेले, मान वाकडी. हातात लाकडी मुठीचा लांब स्क्रू ड्रायव्हर. त्याचं टोक चालू इंजिनावर आणि मूठ कानामागच्या हाडाला. पाचेक मिनिटांनी डोळे उघडून ते निकाल सांगायचे, "एक्झॉस्टचं टॅपेट ढिलंय." झाकण उघडलं की ते ढिलंच निघायचं.

खरं म्हणजे ते फोरमन नव्हतेच. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात, पत्रे ठोकणाऱ्या अवजड यंत्रांच्या प्रेसखात्यात फिटर म्हणून लागले आणि फिटर म्हणूनच निवृत्त झाले. पण सगळी गल्ली त्यांना फोरमन म्हणायची, आणि लाडात किंवा रागात असल्या की त्यांच्या पत्नी, आमच्या काकूसुद्धा. मी तेव्हा बँकेत नवीन लागले होते आणि हर्सूलला तुरुंगाजवळ त्यांच्याच घरात वरच्या खोलीत भाड्यानं राहत होते. पहिल्या महिन्यात खालच्या फटफटाटाला मी इतकी विटले की दुसरी खोली बघायला लागले. मग एकदा काकूंच्या हातची शेंगदाण्याची चटणी आणि गरम भाकरी खाल्ली, आणि खोली बघायचं राहून गेलं.

काकू वैजापूरकडच्या. त्यांनी आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. लग्न नवं असताना फोरमननी त्यांना शब्द दिला होता, की निवृत्त झालो की गाडीवरून कन्याकुमारीला नेईन. गाडी होती वीस वर्षं जुनी, साडेतीनशे सीसीची. तिचं इंजिन दोन माणसं आणि सामान घेऊन दिवसभर न तापता चालेल, चढावर दमणार नाही, असं करायचं होतं. तेही घरच्या घरी, मागच्या अंगणात. "आपल्याला पळवायची नाय, न्यायची हाय," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे.

त्यांचं काम बघत बसावं असं होतं. प्रत्येक भाग ज्या क्रमानं निघाला त्या क्रमानं जुन्या वर्तमानपत्रावर मांडायचा आणि बसवताना शेवटाकडून उचलत यायचं. मध्येच कुणी उचलून बघायला गेलं तर ते हातावर फटका मारायचे; मीही एकदा खाल्ला आहे. सिलिंडर मोठा करून आणला, त्यात बसणारा नवा पिस्टन आणला. पिस्टनमध्ये पिन घालायच्या दिवशी काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या, "फोरमन, माझ्या चहाच्या पातेल्यात काय उकळतंय?"

"पिस्टन," फोरमन शांतपणे म्हणाले. गरम पिस्टनमध्ये पिन नुसत्या बोटानं सरकते, हे त्यांनी मला लगेच करून दाखवलं. "हातोडा घ्यावा लागला म्हंजी आपलंच काहीतरी चुकलं," ते म्हणाले. ते पातेलं काकूंनी त्यांनाच देऊन टाकलं.

मग त्यांनी सिलिंडरचं हेड खालून घासून इंजिनाचा जोर वाढवला आणि ठिणगी जराशी आधी पडेल असं टायमिंग लावलं. अंगणात स्क्रू ड्रायव्हर कानामागं लावून बराच वेळ ऐकलं. "एक नंबर," म्हणाले. चाचणीला दौलताबादचा घाट ठरला. मागं वजन पाहिजे होतं आणि काकूंकडे नेमके पाहुणे आलेले, त्यामुळे वजन म्हणून माझी निवड झाली.

सपाटीवर गाडी लोण्यासारखी गेली. घाट लागला तसा इंजिनातून एक बारीक आवाज यायला लागला, टिनाच्या डब्यात जोंधळे हलवावेत तसा. मला वाटलं, चढावर असाच आवाज येत असेल. पुढं एवढा जाणता माणूस बसलेला, मी काय सांगणार? मी आपली हवा खात बसले. खुलताबाद थोडं राहिलं असताना इंजिन एकाएकी जाम झालं आणि मागचं चाक फरफटत गेलं. फोरमननी क्लच दाबून गाडी कशीबशी कडेला घेतली म्हणून आम्ही वाचलो. घरी आलो ते टेंपोतून.

इंजिन उघडलं तर नव्या पिस्टनच्या डोक्याला वाटाण्याएवढं भोक पडलेलं. फोरमननी मला विचारलं, "ताई, चढावर काय वाजत होतं का?"

मी सांगितलं. जोंधळ्यांचं, आणि पायथ्यापासून वाजत होतं तेही.

"पिस्टन भाजायला लागला की तसं वाजतं," म्हणत त्यांनी पिस्टन कागदावर ठेवला. "मला नाय ऐकू आलं," ते म्हणाले.

तीस वर्षं प्रेसच्या दणक्यात त्यांचे कान मंद झाले होते, बारीक आवाज तर येतच नव्हता, आणि ते त्यांना स्वतःलाच कळलं नव्हतं. अंगणात स्क्रू ड्रायव्हर आवाज थेट हाडात पोचवायचा, म्हणून सगळं ठीक वाटायचं. रस्त्यावर स्क्रू ड्रायव्हर कुठून येणार? त्या दिवशी मी तोंड उघडलं असतं तर पिस्टन वाचला असता, हे मला आजही लागतं. फोरमन मला एका शब्दानंही बोलले नाहीत. त्यांनी गाडीवर ताडपत्री टाकली आणि कन्याकुमारीचं नाव घेणं सोडून दिलं.

आठ दिवसांनी काकूंनी ताडपत्री ओढून काढली. मी जिन्यातच होते.

"वीस वरसं सैपाकघरातून तुमची गाडी ऐकतीय मी," त्या म्हणाल्या. "तुरुंगाच्या कोपऱ्यावर आवाज आला की तवा ठेवायचे. मला इचारा की."

"तुला काय कळतंय गं त्यातलं?"

"कळत नाय. ऐकू येतं."

फोरमननी ताडपत्रीची घडी घातली. मग म्हणाले, "पातेलं आण."

पुन्हा नवा पिस्टन बसला. हेडखाली जाड गॅस्केट घालून जोर थोडा उतरवला, टायमिंग मागं घेतलं. आणि एक रीत ठरली. काकूंनी मागं बसून कान द्यायचा. जोंधळे वाजले की फोरमनच्या खांद्यावर एक थाप. ते ॲक्सिलरेटर सोडणार. सगळं बरोबर असेल तर मधूनमधून दोन थापा. तीन रविवार ते दोघं घाट चढले आणि घरी येऊन ठिणगीच्या पॉइंटची फट सारखी करत बसले. चौथ्या रविवारी घाटभर दोन-दोनच थापा पडल्या.

ते कन्याकुमारीला गेले आणि गाडीवरूनच परत आले. समुद्र कसा होता, असं मी काकूंना विचारलं. "लई वाजतो," त्या म्हणाल्या. "तिथं गेल्यावर मला गाडीच ऐकू येईना." फोरमन हसत होते. त्यांना गाडी कधीचीच नीट ऐकू येत नव्हती आणि त्याचं आता काही वाटतही नव्हतं.

पुढं माझी बदली झाली. फोरमन गेल्याचं कळलं तेव्हा मी भेटायला गेले. त्या दिवशी त्यांचा पुतण्या गाडी न्यायला वैजापूरहून आला होता. गाडी त्याला द्यायची हे फोरमनच सांगून गेले होते. पुतण्यानं किक मारली. काकू फाटकाशी उभ्या होत्या, आधाराला माझ्या खांद्यावर हात ठेवून. गाडी गल्लीतून बाहेर पडली. तुरुंगाचा कोपरा वळून आवाज विरेपर्यंत काकूंनी डोळे मिटून घेतले होते.

मग माझ्या खांद्यावर दोन थापा पडल्या.