आमच्या वर्गाची निवडणूक
मार्केट यार्डावरून जाताना हळदीचा वास आला की मला सातवीतली माझी एक मैत्रीण आठवते. तिचे वडील तिथे हमाल होते आणि तिच्या गणवेशालाही तोच वास यायचा. त्या वर्षी नागरिकशास्त्राच्या बाईंनी वर्गप्रतिनिधीची निवडणूक घेतली. आम्ही चिठ्ठ्या टाकल्या आणि ती निवडून आली. आमची भांडणं एरवीही तीच तर मिटवायची. सोमवारी मुख्याध्यापक वर्गात आले आणि त्यांनी प्रतिनिधीचा बिल्ला वर्गातल्या एका डॉक्टरांच्या मुलीला लावला. “शाळेत पाहुणे येतात, प्रतिनिधी नीट बोलणारा हवा,” ते म्हणाले. मैत्रीण उभी राहिली. “सर, मग आमाला मतं कशाला टाकायला लावली?” ‘आमाला’ ऐकून ते हसले. “बघा, हेच म्हणत होतो. बसा आपण.” वर्गात दुसरं कुणी हसलं नाही. बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा निवडणूक घेतली, तेव्हा बहुतेक चिठ्ठ्या कोऱ्या निघाल्या. आता मी स्वतः नागरिकशास्त्र शिकवते. वर्गात निवडणूक घेण्याआधी मुख्याध्यापकांना विचारते, “सर, जो निकाल लागेल तो आपण पाळणार ना?” अजून कुणी सरळ ‘हो’ म्हटलेलं नाही.