सुभेदारांनी सरकवलेला डोंगर

सांगलीला माझ्या वाचकांचा दरवर्षी मेळावा असतो आणि दरवर्षी मी काहीतरी सबब काढून तो टाळते. यंदा गेले. वाटेत साताऱ्याजवळ एका माणसाची माफी मागायची होती, म्हणून गेले. नुसते रस्ते आणि खाणंपिणं हवं असेल त्यांनी मधला मजकूर गाळला तरी चालेल.

मी जादू, राक्षस, उडते किल्ले असल्या कादंबऱ्या लिहिते. सावळदेश नावाचा देश रचला, त्याची चार पुस्तकं झाली, तेव्हा सांगलीच्या मंडळींनी एक व्हॉट्सॲप ग्रुप काढला. त्यात मी 'वाटसरू' या नावाने, दुसऱ्या नंबरवरून, गुपचूप शिरले. आपल्यामागे लोक काय बोलतात ते ऐकायची खाज, दुसरं काय! ग्रुपवर साताऱ्याकडचे एक निवृत्त सुभेदार होते. उभा जन्म फौजेत नकाशे वाचण्यात गेलेला. त्यांनी पुस्तकं वाचून सावळदेशाचा अख्खा नकाशा काढला आणि अदबीने कळवलं, की चौथ्या पुस्तकात तमा नदी चढावर वाहते.

त्यांचं बरोबर होतं, म्हणूनच माझं डोकं फिरलं. वाटसरूने लिहिलं, 'नदीला यक्षिणीचा शाप आहे, एवढंही कळत नाही? फौजीबुवा, बंदूक सांभाळा, पुस्तकं तुमचं काम नव्हे.' ग्रुपवर हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. सुभेदार त्याच दिवशी ग्रुप सोडून गेले. याला दोन वर्षं झाली.

पुण्याहून सकाळी सहाला निघाले. खंबाटकीचा घाट येईस्तोवर आभाळ पार खाली आलेलं. साताऱ्यात स्टँडजवळ मिसळ मागवली, चांगली असते म्हणे, मी अर्धी तशीच टाकून उठले. अर्धा किलो कंदी पेढे बांधून घेतले. पुढे कोरेगावच्या रस्त्याला सध्या उसाच्या ट्रॉल्या आहेत, तेव्हा अर्ध्या तासाच्या वाटेला तास धरून चाला. एसटीने गेलात तर फाट्यापासून दोन किलोमीटर पायपीट आहे.

मी फोन करून ठेवला होता. सुभेदार कडक इस्त्रीचा सदरा घालून ओट्यावर बसले होते.

"आगं, बाई आल्या," त्यांनी आत हाक दिली. "च्या टाक. गुळाचा टाक, त्यास्नी आवडतो." मी हे कुठल्यातरी मुलाखतीत बोलले असेन, मला आठवतसुद्धा नाही.

त्यांच्या पत्नी, काकू, चहा घेऊन आल्या. "लय दिस वाट बघत्यात तुमची. तुमचं पाचवं पुस्तक आलं तवा वाचलं, आन मग पुस्तकाला हात न्हाई लावला बघा."

सुभेदारांनी कपाटातून एक गुंडाळी काढून माझ्यासमोर उलगडली. शाईने काढलेला सावळदेश. एक डोंगर खोडून दुसरीकडे काढला होता. "तुमची नदी सरळ केलीया," ते म्हणाले. "आता शापाची गरज न्हाई. डोंगूरच सरकवला. घेऊन जावा, मला न्हाई लागत आता."

खंबाटकीपासून घोकलेलं वाक्य मी सुरू केलं. "सुभेदार, त्या ग्रुपवर जो वाटसरू होता ना..." त्यांनी कप खाली ठेवला. काकू दारातच थांबल्या. दोघंही माझ्या तोंडाकडे बघत होते. आणि मी म्हणाले, "तो तसं बोलला, त्याचं मला फार वाईट वाटलं."

"असू द्या," सुभेदार म्हणाले. त्यांनी कप उचलला, आणि मग उसाच्या तोडणीबद्दल बोलत राहिले.

कराड, पेठ नाका करत तीनपर्यंत सांगली गाठली. पेठ नाक्यानंतर रस्त्याचं काम चालू होतं, कंबर धरून बसावं लागतं. मार्केट यार्डाजवळून जाताना हळदीचा वास गाडीत शिरला. एरवी मला तो आवडतो.

दुसऱ्या दिवशी विश्रामबागेतल्या एका हॉलमध्ये मेळावा. चाळीसेक माणसं, त्यातल्या दोघी माझ्या यक्षिणी बनून आलेल्या. मेळावा भरवणारी मंजिरी कॉलेजात शिकवते. नकाशा भिंतीवर लावताना मी तिला हळूच सांगून टाकलं, "वाटसरू मीच होते."

"माहितीये मला," ती म्हणाली. "यक्षिणीचा शाप पाचव्या पुस्तकात आला. वाटसरूला तो सहा महिने आधी कसा ठाऊक?"

"तू ओळखलंस?"

"मी कुठली! सुभेदारांनी. पुस्तक वाचून मला फोन केला. म्हणाले, कुणाला बोलू नका, बाई येऊन स्वतः सांगतील."

त्यानंतर मी भाषण केलं, सह्या दिल्या, भडंग खाल्लं. काय बोलले देव जाणे. मेळावा संपताच गाडी काढली आणि तडक पुन्हा त्या गावात गेले. ओट्यावर काकू एकट्याच शेंगा फोडत होत्या.

"रानात गेल्यात," त्या म्हणाल्या. मी थांबते म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. "नगा थांबू, ताई. बाई परत येतील म्हनले व्हते. काल ऐकलं असतं म्हनले, आज न्हाई ऐकायचं." माझ्या पेढ्यांचा डबा त्यांनी परत दिला. रिकामा देऊ नये म्हणून आत शेंगदाण्याचे लाडू घातले होते.

आता घरी आहे. नकाशा टेबलासमोर लावलाय. तमा नदी आता उतारावरून नीट वाहते. सहाव्या पुस्तकाची एक ओळ होत नाही. मला लाज वाटते, आणि ती जात नाही. परवा वाटसरूचा नंबर बंद केला, स्वतःच्या नावाने ग्रुपवर गेले आणि सगळं खरं लिहिलं. तासाभरात लाल बदामांची रांग लागली. सगळ्यांनी मोठ्या मनाने मला माफ केलं. सुभेदार त्या ग्रुपवर नाहीत.